दोनच बोटं

डुलुथ, १४ एप्रिल १९८५

प्रिय सुजू,

घाबरू नकोस, पण बसून वाच. तुझ्या डॅडच्या डोक्याचं ऑपरेशन झालं आणि तो सुखरूप आहे. हुश्श! लिहून टाकलं एकदाचं. फोनवर त्याचं नाव काढलं की तू ठेवून देतेस, म्हणून पत्र. आणि मराठीत, कारण हसत-रडत लिहायला मला हीच भाषा जमते.

जानेवारीत प्रॅक्टिस घेताना तो बर्फावर पाठीवर आपटला. पोरांना हेल्मेटशिवाय रिंकवर पाय ठेवू देत नाही, आणि स्वतःच्या डोक्यावर लोकरीची टोपी! विचारलं तर म्हणे काही झालं नाही. मी एवढी नर्स, तरी ऐकून घेतलं. त्याचं आयुष्यच तसं गेलं ना. इथे पगार घेऊन बर्फावरची हॉकी खेळायचा तो. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेच इमर्जन्सीत. भुवईला टाके घालून होताहेत तोवर पठ्ठ्या परत खेळायला निघाला होता. त्याची ती बोटांची गोष्ट तुला पाठच आहे. डोक्याला मार लागला की कोच बोटं दाखवून किती ते विचारायचा, आणि दाखवायचा नेहमी दोनच. सगळ्यांना ते ठाऊक. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी दोन म्हणायचं आणि पुन्हा उतरायचं. स्वतः कोच झाल्यावरही हे सांगून किती हसवायचा!

मग मार्चमध्ये तुझी मॅच. एवढ्या लांब बॉस्टनला एकटाच आला, अर्ध्यातच उठून गेला आणि बाहेर तुला भलत्याच मुलीच्या नावाने हाक मारली. पुन्हा येऊ नका म्हणालीस तू त्याला, तूच फोनवर सांगितलंस मला. तुझा राग मला कळतो गं. ज्याने तुला स्केट्सवर उभं केलं, त्यालाच तुझं नाव आठवू नये! घरी आल्यावर तो रोज गॅरेजमध्ये तुझे लहानपणचे स्केट्स पुसत बसायचा.

गेल्या सोमवारी नाश्त्याला त्याच्या हातून कप निसटला. मी त्याच्यासमोर चार बोटं धरली. त्याने धड बघितलंही नाही, दोन म्हणाला. तसाच गाडीत घातला. स्कॅनमध्ये मेंदूवर रक्त साकळलेलं दिसलं. जानेवारीपासून थोडं थोडं झिरपत होतं, तुझ्या मॅचच्या दिवशीही. आणखी उशीर झाला असता तर, जाऊ दे, नाही झाला. तुला कळवायचं नाही असं त्याने मला बजावलं होतं. पोरीला दया दाखवायला बोलवायचं नाही म्हणे. तुम्ही दोघं एकाच मातीची भांडी!

आज जयंतीची खीर केली आणि डबा घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. भादरलेलं डोकं, त्यावर पट्टी, हनुवटीवर खीर. मी तीन बोटं वर केली. बराच वेळ बघत राहिला, ओठ हलवत मोजली आणि तीन म्हणाला. बाई गं, मला रडूच कोसळलं. मग त्याने विचारलं, त्या मॅचला सुजूने गोल केला का. तुझ्याच नावाने विचारलं. मला माहीत नव्हतं, आणि ते त्याला तुझ्याकडूनच कळायला हवं. मी तुला बोलवत नाहीये हं, तसा शब्द दिलाय त्याला. फक्त सांगते, भेटायची वेळ दुपारी चारनंतर असते, आणि विमानतळावर मी येईन.

तुझीच,
आई