चहाचं कोर्टमॅरेज

नागपूर, ३ फेब्रुवारी

ती. सौ. अमिताताईस,
सा. न. वि. वि. तुझा फोन सासूबाई स्पीकरवर ऐकतात, म्हणून पत्र. अभिनंदन कर, माझं लग्न झालं म्हणे! मी आणि वर्गातला कुणाल प्रोजेक्टसाठी आपल्या सौंसरला गेलो, बसस्टँडवर चहा घेतला. बातमी शेजारच्या रामाकोन्याला पोचेस्तोवर त्या चहाचं कोर्टमॅरेज झालं.

गंमत म्हणजे एम.एस्सी.चा आमचा प्रोजेक्टच अफवेवर आहे. ती किती वेगानं पसरते, ते डिफरन्शियल समीकरणात मांडायचं. सांगणारे किती आणि न ऐकलेले किती, यांच्या गुणाकारावर वेग ठरतो. सौंसरात न ऐकलेला माणूसच सापडून नाही राहिला. बाबांनी मात्र गणिताशिवाय उत्तर काढलं : शिक्षण पुरे, एकोणीसला घ्यायला येतो. ताई, परीक्षा तोंडावर आहे गं. काही कर.

तुझ्या मायेवर भिस्त ठेवून,
नवविवाहित प्रणाली

पांढुर्णा, ९ फेब्रुवारी

चि. प्रणालीस अनेक आशीर्वाद. इकडे तर तुला दिवसही गेले, जपून राहा.

काल सौंसरला गेली होती. बाबा संत्र्याच्या बगिच्यात होते. म्हणाले, स्टँडवर बसणाऱ्या यशवंतरावांनी डोळ्यानं पाहिलं. मी विचारलं, लग्न पाहिलं का चहा? माझं बी.एस्सी. सोडवलं तेव्हाही तुम्ही लोकांचंच ऐकलं, हेही बोलली. ते उठून निघून गेले. म्हणजे तुला घ्यायला येतीलच. रडू नको, त्यांना वर्गात घेऊन जा.

आहे तशीच राहा,
ताई

नागपूर, २० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि. बाबा आले, रिकामी बॅग घेऊन. माझं सादरीकरण होतं. मागच्या बाकावर बसवलं. कुणाल त्यांच्या पाया पडला अन् नवरदेवासारखा घामाघूम झाला. सरांनी विचारलं, अफवा थांबते केव्हा? मी म्हटलं, ऐकणारा पुढे सांगत नाही तेव्हा. नजर चुकून बाबांकडे गेली.

बाहेर आल्यावर हळूच विचारलं त्यांनी, मी कोणत्या गटात? मी म्हटलं, सांगणाऱ्यांच्या. मग परीक्षा केव्हा ते विचारलं आणि एकटेच बसमध्ये चढले. ताई, मी स्टँडवरच रडली.

तुझीच,
प्रणाली

पांढुर्णा, २७ फेब्रुवारी

चि. प्रणालीस आशीर्वाद. सौंसरला उतरताच यशवंतरावांनी बाबांना विचारलं, पोरगी कुठे? बाबांनी भर स्टँडवर सांगितलं, ती एम.एस्सी. करून राहिली, लग्नबिग्न काही नाही, आता हे सांगा गावभर.

आठवडा झाला, ही बातमी काही पांढुर्ण्याला पोचेना. शेवटी मीच शेजारच्या छायाकाकूंना सगळं समजावून आली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, घटस्फोट केव्हा झाला मग?

अभ्यास कर.
ताई