सुलट ठशाचा जिना

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपंचायत कार्यालय, नागुरवाडी,
ता. उमरगा, जि. धाराशिव.

अर्जदार : राजेश्वरी वीरप्पा हत्तुरे, छापचित्रकार, बसस्थानकामागे, नागुरवाडी.

विषय : कार्यालयात जमा असलेला लिनोचा ठसा परत मिळणेबाबत. (जिना अर्जदाराच्या शेडला टेकत आल्याने तातडीचे.)

संदर्भ : १. आपल्या हस्ते झालेला अर्जदाराचा सत्कार. २. त्यानंतर जे झाले ते.

महोदय,

१) अर्जदार आधुनिक शहरी इमारतींची छापचित्रे काढते. लिनो म्हणजे रबरासारखी मऊ चादर. तीवर चित्र कोरायचे, शाई लावायची, वर कागद ठेवून दाबायचे. पुण्यात शिकताना अर्जदाराने काचेचे टॉवर, उड्डाणपूल आणि पार्किंगचे मजले छापले. गावी आल्यावर दाबयंत्र नव्हते, म्हणून वडिलांच्या बंद पडलेल्या रसवंतीच्या चरकाचे रोलर लेथवर गुळगुळीत करून घेतले. छाप उत्तम येतो. मुंग्याही येतात, पण त्या झटकता येतात.

२) नळदुर्गचा किल्ला काढ, असे सर्वांचे म्हणणे होते. वडील म्हणाले, "पोरी, किल्ला सोडून दुकानांची बिल्डिंग काढतीस व्हय? अजून तिचा पाया बी न्हाय." परंतु अर्जदारास गावातली पहिली काचेची इमारत हवी होती. म्हणून नियोजित व्यापारी संकुलाच्या फलकावरचे चित्र पाहून तिने ते जसेच्या तसे ठशावर कोरले.

३) ठशावर कोरलेले कागदावर आरशातल्यासारखे उमटते. त्यामुळे फलकावर उजवीकडे असलेला जिना छापात डावीकडे गेला. चित्रातला जिना कोणाला चढायचा नसल्याने अर्जदाराने तो तसाच राहू दिला.

४) (कलेविषयीचा हा मुद्दा आवक खिडकीवर खोडण्यास सांगण्यात आले. खोडला आहे.)

५) सत्कारात अर्जदाराने तो छाप कार्यालयास भेट दिला. वस्तू आवक झाली म्हणून लिपिक शंभू कोरे यांनी त्यावर गोल शिक्का मारला. शिक्का पाहून ठेकेदार महांतप्पा यांनी तोच मंजूर नकाशा धरला. अर्जदाराने खरा नकाशा समोर ठेवला असता ते म्हणाले, "म्याडम, त्यात नुसत्या रेघा हायत. ह्यात बिल्डिंग दिसती." इमारत छापाबरहुकूम झाली आणि जिना डावीकडच्या शेजारी श्रीमती कमलबाई यांच्या गोठ्यात उतरला. तेव्हापासून शेळ्या पहिल्या मजल्यावर असतात. कमलबाईंची तक्रार नाही. "वर लई हवा लागती त्यांना," असे त्यांनी पंचनाम्यात सांगितले आहे.

६) यावर आपण बैठक घेऊन असा निष्कर्ष काढलात की, छाप उलटा असेल तर ठसा सुलट असणारच. निष्कर्ष बरोबर आहे. ठसा त्याच दिवशी जप्त झाला, त्यावरही गोल शिक्का बसला आणि बसस्थानकामागील दुसरे संकुल थेट ठशावरून सुरू झाले. (ठशाची शाई महांतप्पांच्या विजारीस लागल्याबद्दल अर्जदारास आलेल्या नोटिशीचे उत्तर वेगळे देण्यात येईल.)

६-अ) यावेळी जिना फलकाप्रमाणे, म्हणजे उजवीकडे येत आहे. पहिल्या जागेच्या उजवीकडे मोकळे मैदान होते. या जागेच्या उजवीकडे अर्जदाराची शेड आहे आणि शेडमध्ये चरक आहे. डावीकडे काहीही नाही.

७) अर्जदाराने जिना वळवण्याची विनंती केली असता महांतप्पा म्हणाले, "ताई, चित्र तुमचंच, कोरलं तुमीच. आन् आता वळव म्हणता?" ते केवळ चित्र होते, असे अर्जदाराने सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग त्याच्यावर शिक्का कशाला हाय?" याचे उत्तर कार्यालयास देता येत असल्यास कळवावे.

८) हा मुद्दा लिहीत असताना पत्र्यावर वाळू पडली.

९) चरक जमिनीत पुरून बसवलेला असल्याने हलत नाही. जिना आणखी पुढे आला तर चरकाचा दांडा फिरवायला जागा उरणार नाही आणि अर्जदाराचे छापणे कायमचे बंद होईल. वडील दांड्याला धरून बसले आहेत. "येऊ दे जिना, म्या हाय," असे ते म्हणतात. त्यांचे वय पाहता हा उपाय कायमस्वरूपी नाही.

सबब विनंती की, ठसा आजच परत मिळावा. ते शक्य नसल्यास दुसरे संकुल कृपया पहिल्याच चुकीप्रमाणे बांधावे. त्यासाठी अर्जदार आपल्याकडचा शेवटचा छाप सोबत जोडत आहे. त्यात जिना डावीकडे आहे.

त्यावर लवकरात लवकर गोल शिक्का मारावा.

जिन्याखाली जाण्यापूर्वी आपली,

(सही)
राजेश्वरी वीरप्पा हत्तुरे
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. छाप, एक. (भिंतीवर टांगण्यासाठी नव्हे.)
२. शेडचा फोटो, शेड उभी असतानाचा.