शेवटचं पान आधी

३ फेब्रुवारी, सोमवार
आज तपासणी झाली. कानाखाली गाठ आहे, वाटाण्याएवढी. डॉक्टरांनी सुई घालून तिच्यातलं थोडं काढून घेतलं. मी अजिबात हललो नाही. नर्स दोनदा 'हलू नका' म्हणाली, पण ते ती सगळ्यांनाच म्हणत असणार. डॉक्टर म्हणाले, बघू, एवढं पुरलं तर बरं. मधेच कोणीतरी किंचाळलं. शेजारच्या खोलीत लहान मूल असावं. हल्ली आईबापांनी मुलांना फार नाजूक करून ठेवलंय.
बायको दाराबाहेर बाकावर बसली होती. चेहरा उतरलेला. पहिल्यापासून घाबरट. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! मी तिला धीर दिला.
तीस वर्षं भुताखेतांच्या कॉमिक्सची अक्षरं काढतोय मी. संवादांचे फुगे आता कॉम्प्युटर भरतो, पण किंचाळ्या अजून माझ्याच हातच्या. संपादक म्हणतात, कॉम्प्युटरला किंचाळता येत नाही. असा माणूस सुईला भिईल?

६ फेब्रुवारी, गुरुवार
रिपोर्ट आला. स्वतः जाऊन आणला. लगेच उघडणार होतो, पण हाताला शाई होती. हात धुतले. मग ते ओले होते. असल्या गोष्टी घाईत करू नयेत. उद्या सकाळी, शांत डोक्याने.
पाकीट टेबलाच्या खणात, ब्रशांखाली ठेवलं. बायकोने विचारलं तर सांगितलं, अजून आला नाही. हे खोटं बोलणं नव्हे. तिच्या तब्येतीला जपणं आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
नवीन अंकाची बत्तीस पानं आली. तळघरातल्या पाहुण्याची गोष्ट. नेहमीप्रमाणे शेवटचं पान आधी केलं. ही माझी पद्धत आहे. लोकांना ती भीती वाटते, त्याला माझा इलाज नाही.
पद्धत जुनी. मी नऊ वर्षांचा असताना दादाने एक कॉमिक आणलं होतं. मुखपृष्ठावर डोळे नसलेली बाई. मी तिच्या तोंडावर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला. दादा म्हणाला, भित्रट. खरं तर ते माझं पहिलं संपादन. मग तो मोठ्याने वाचून दाखवायचा आणि शेवटचं पान आलं की पुस्तक घेऊन खेळायला पळायचा. मी संध्याकाळपर्यंत पलंगाखाली. तिथे गार वाटायचं. तेव्हापासून शेवटचं पान आधी. सिनेमाचाही शेवट आधी कोणाला तरी विचारून घेतो. कोण मरणार हे कळलं की निवांत बघता येतं.
पाकीट उजेडात धरून पाहिलं. आत एकच कागद आहे. एकाच कागदाला शेवटचं पान कुठलं? पद्धत बसत नाही. विचार करावा लागेल.

९ फेब्रुवारी, रविवार
विचार केला. प्रश्न माझा नाहीच, बायकोचा आहे. रिपोर्ट वाईट निघाला तर ती कोसळेल. म्हणून आधी तिचं मन घट्ट करायचं. रोज एक भयपट, दुपारी, जेवणानंतर. पडदे उघडे ठेवून.
आज पहिला. ती वाटाणे सोलत बसली. वाटाणे बघवेनात. त्यात दार करकरलं (सिनेमातलं) आणि मला गॅस आठवला. गॅस बंदच होता. मग नळ तपासले. मग खिडक्या. परत आलो तर सिनेमा संपलेला. बायको म्हणाली, भुताच्या पायात मोजे होते. पुढे म्हणाली, त्या माणसाने दार आधीच उघडलं असतं तर दहा मिनिटांत सिनेमा संपला असता, आत नुसतं मांजर तर होतं. मी म्हटलं, कलेतलं तुला कळत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ११
ठरलं. आज बाराच्या ठोक्याला उघडायचं. ठरवलं म्हणजे ठरवलं.
दुपारी १
घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे हे ऐन वेळी आठवलं. बरोबर बारा कधी वाजले ते कळलंच नाही. हुकलेल्या वेळेला काम करू नये, असं माझं मत आहे.
जाता जाता नोंद: दाढी करणं सोडलंय. आरशात गाठ मोठी दिसते. आरसा जुना झालाय. शिवाय दाढी मला शोभेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
संपादकांचा फोन. पान एकोणीसवरची किंचाळी बघून त्यांच्या अंगावर काटा आला म्हणे. तीस वर्षांत अशी काढली नव्हती, काय केलंत? मी म्हटलं, नवीन ब्रश. ब्रश जुनाच आहे. खणातल्या पाकिटावरून उचललेला.
फोन ठेवल्यावर डबे आठवले. बायकोला डब्यांची घट्ट झाकणं उघडत नाहीत. लग्न झाल्यापासून मीच उघडून देतो. मी नसलो तर कोण उघडून देणार? एवढ्यावरून डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर आज मला भीती वाटली. फार नाही, पाच-दहा मिनिटं. लिहून टाकलं म्हणजे संपलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
चौथा सिनेमा. मधले काही दिवस डोळ्यांना विश्रांती दिली होती. बायको पहिल्याच खुनाला झोपली. प्रगती आहे. मी पॅसेजमधून पाहिला. लांबून सगळं चित्र नीट दिसतं.
जागी झाल्यावर तिने परत रिपोर्टचं विचारलं. मी म्हटलं, त्या लॅबवाल्यांना जबाबदारीच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, हो का? मग भाजी आणायला गेली. दीड तास लागला. भाजी विसरून आली.

१७ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ९
आज उघडलं.
पद्धतही सापडली. कागद पालथा बाहेर काढायचा, मजकुरावर हात ठेवून उलटायचा, फक्त तळाची ओळ वाचायची. पाकिटाला माझ्याच डिंकाचा वास येत होता. तेव्हा लक्षात आलं नाही. तळाची ओळ पेन्सिलीने लिहिलेली. अक्षर बायकोचं. 'मंगळवारी दहाची वेळ घेतली आहे. या वेळी मान मी धरते.'
हात हळूहळू वर सरकवला. छापलेलं होतं: नमुना अपुरा. निदान करता येत नाही. चाचणी पुन्हा करावी.
बस. अकरा दिवस मी या कागदाला भीत होतो. म्हणजे, जपत होतो.
स्वयंपाकघरात गेलो. कधी उघडलंस, विचारलं. म्हणाली, शनिवारी लॅबमध्ये जाऊन विचारलं, ते म्हणाले रिपोर्ट कधीच नेलाय. मग खण शोधला, किटलीच्या वाफेवर पाकीट उघडलं. झाकणं उघडत नाहीत, पाकिटं उघडतात. दोन दिवस वाट पाहिली, तुम्ही आपणहून उघडता का ते.
मी म्हटलं, दोष डॉक्टरांचा. त्या पोराच्या किंचाळण्याने त्यांचं लक्ष उडालं, नमुना कमी घेतला.
ती म्हणाली, मी तासभर त्या दारासमोर बसले होते. पोर काही बाहेर आलं नाही.
मग म्हणाली, मलाही भीती वाटते हो, पण तुमच्या भीतीतून माझ्या भीतीला जागाच उरत नाही. आणि ओट्याकडे तोंड करून रडायला लागली. डब्याचं एक झाकण घट्ट होतं, ते मी उघडून ठेवलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ९.३०
निघतोय. दाढी केली. तिला विचारलं, शेवट काय होणार? म्हणाली, माहीत नाही, चपला घाला.
दुपारी १२
झालं. या वेळी नमुना पुरेसा मिळाला. रिपोर्ट शुक्रवारी. पाकीट ती उघडणार, मी शेजारी बसणार.
मी हललो नाही. हलताच येत नव्हतं, तिने दोन्ही हातांनी मान धरली होती.
त्या दिवशीची किंचाळी माझीच होती.