खिडकीत बसवलेली बाई

यवत, २००५, रविवार संध्याकाळ

उद्या निमोण्याचे मामा स्थळ घेऊन येणार, आणि नेमका आज केबलवर हिंदीत तो माहितीपट लागला. शरीरसंबंधाची ओढच कधी वाटत नाही अशा माणसांवर. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल बोलत होतं.

त्यातली परदेशी बाई हसत सांगत होती की तिला खूप मैत्रिणी आहेत, ती गाते, भटकते. पण दाखवत होते ती एकटीच खिडकीत बसलेली. मग डॉक्टरनं तिचं रक्त तपासलं, लहानपणी काही वाईट घडलं का विचारलं. नाही म्हणाली. तरी पुन्हा खिडकीच! आजार असलाच पाहिजे, असं का वाटतं यांना? पण मी तरी काय केलं? नर्स असून स्थळं टाळायला थायरॉईडचं खोटं कारण सांगत आले.

शेजारी आई बसली होती. जाहिरात लागल्यावर म्हटलं, "आई, मी बी हिच्यासारखीच हाय. थायरॉईड न्हाई मला."

तिनं टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाली, "आन् थायरॉईडला वाईट म्हणून मी पाच वर्सं तुला कोबी खाऊ दिला न्हाई!"

"रागावलीस?"

"समदं कळलं न्हाई बाय मला." ती उठली आणि तिनं मामांना फोन लावला. "दादा, उद्या येऊ नगा. पोरीला लगीनच नगं. आजारी न्हाई वो, ठणठणीत हाय ती."