एकाच कळीचा कीबोर्ड

असोदा
३१ मार्च १९९९

सौ. लताअक्का,

धाकट्याचा वाकून नमस्कार. झुलालराव पाहुण्यांना आणि तुझ्या सासूबाईंनाही सांग. सुंदरबाई माझा नमस्कार घेतील की नाही ठाऊक नाही, तरी सांग.

इकडे सगळं ठीक. ऊन यंदा लवकर तापलंय, केळीची पानं कडेने करपायला लागलीत. जळगावचा माझा कॉम्प्युटर क्लास बरा चाललाय. आईची उजवी बाजू तू दिवाळीत दवाखान्यात पाहिलीस तशीच लुळी आहे. जीभ जड झालीय, एका वेळी एक-दोन शब्दच निघतात. तू तेव्हा दवाखान्यातूनच धुळ्याची गाडी धरलीस, असोद्याला घरी आली नाहीस. त्यावर ती अजून काही बोललेली नाही.

बरं, पत्राचं कारण. अगं, मी घरात थेटर केलंय! हसू नकोस. क्लासमधला जुना कॉम्प्युटर पडून होता. पेंटियम आल्यापासून त्याला कोणी हात लावत नव्हतं, भंगारवाला तर वजनावर मागत होता. मी तो घरी आणला. आतलं सगळं पुसून काढलं, हिशेब, टायपिंगचे धडे, सगळं. सीडी ड्राइव्ह बसवला, व्हीसीडी चालवायचं एक कार्ड घातलं आणि त्यातून वायर थेट आपल्या टीव्हीला. आता त्या डब्याला एकच काम. बटण दाबलं की दुसरं काही न विचारता सीडी सुरू होते. पंखा फार घरघरायचा, आईला आवाज ऐकू येईना, म्हणून डबा खिडकीबाहेर ओट्यावर ठेवलाय, वर पत्र्याचं छप्पर. बायको म्हणाली, तुमचा कॉम्प्युटर बकरीसारखा बाहेर बांधला.

नवा प्लेअर बाजारात मिळतो, पण त्याच्या रिमोटची बटणं तांदळाएवढी. आईचा डावा हातच काय तो चालतो, तोही थरथरतो. म्हणून मी कीबोर्डच्या सगळ्या कळा उपटल्या, खालची लांब कळ तेवढी ठेवली. ती दाबली की चित्र थांबतं, पुन्हा दाबली की चालतं. तीन दिवसांत शिकली. तुला सांगतो अक्का, क्लासला असा विद्यार्थी मिळाला नाही.

आणि सीडी कसली म्हणशील? तुझ्या लग्नाची. आबा हलताना-बोलताना दिसतात असं दुसरं काय आहे आपल्याकडे? कॅसेटला पांढरी बुरशी चढली होती. स्टुडिओवाला म्हणाला, ही अजून एकदा चालेल, फार तर दोनदा. त्या एकदात त्याने दोन सीड्या करून दिल्या. मला वाटलं, आई आबांना बघेल, तिचा जीव रमेल.

पण ती आबांसाठी बघत नाही. हळदीपासून सगळं गप्प बघते, आणि शेवटी पाठवणी आली की कळ दाबते. तू जीपमध्ये चढतेयस, एक पाय वर, एक खाली. तिथे थांबवते. मग पाच मिनिटं, दहा मिनिटं नुसती बघत बसते. त्याच्या आधीचा तुकडा मी विसरूनच गेलो होतो. आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "लीला, दरसाल आखाजीच्या सनाले बहिनीले सासरहून आनाले तूच जाशीन. तिले एकटी येऊ नको देजो." मी बुंदी चघळत मान हलवतो. अठरा वर्षांचा घोडा झालो होतो, आणि तोंडात बुंदी!

परवा आईने चित्र त्या बुंदीवरच थांबवलं. टीव्हीकडे बोट केलं. "हा कोन?"

म्हटलं, "मी."

ती माझ्याकडे वळली. "मंग?"

तेवढंच म्हणाली. माझ्याच्याने तिथे बसवेना, उठून मळ्यात गेलो.

अक्का, हा कॉम्प्युटर आपल्याकडे कोणत्या दिवशी आला, ते तुला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. मे महिन्यात, पंच्याण्णव साली, आबा गेले त्या दिवशी आला. आखाजी करून तू सासरी जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते. सकाळी आठला आबांनी डोळे मिटले. भावकीने मला फाट्यावरच्या एसटीडी बूथवर पिटाळलं, "धुळ्याले, देवपूरले फोन लाव, पोर निघाली पाहिजे." मी गेलो. पण पहिला फोन देवपूरला लावला नाही. क्लासचे तीन कॉम्प्युटर त्याच दिवशी जळगावात उतरणार होते. ट्रान्सपोर्टवाल्याला सांगायचं होतं की माल परत पाठवू नको, उद्या येतो. त्याच्याशी बोललो. मग तुमचा नंबर फिरवला, तर लाईन बिझी. मागे रांग होती, लोक ओरडत होते. म्हटलं, अर्ध्या तासाने परत येऊ.

घरी आलो तर सगळ्यांनी एकदम विचारलं, "लागला का?" आणि मी "हो" म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. आईच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. एकदा हो म्हटल्यावर पुन्हा बूथवर कोणत्या तोंडाने जाऊ? तुझी वाट चारपर्यंत पाहिली. ऊन असं की माणसं म्हणाली, आता ठेवता येत नाही.

तू तिसऱ्या दिवशी आलीस, राख सावडल्यानंतर. कोण्या केळीवाल्याकडून तुला कळलं होतं. तू ओट्यावर बसून ओरडलीस, मला का नाही कळवलं? तेव्हा मी चारचौघांत म्हणालो, "फोन केला होता. बाईमाणसाने उचलला, निरोप दिला."

तुमच्या घरात तुझ्याशिवाय बाईमाणूस एकच.

सुंदरबाई पाहुण्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "आमले फोन उनाच नही." तू तुझ्या भावाचं खरं मानलंस. वर्षभर त्यांच्याशी बोलली नाहीस, हे मला तुझ्या शेजारच्या ताईबाई जळगावला भेटल्या तेव्हा कळलं. पाहुणे म्हणाले, माझी आई खोटी की तुझा भाऊ, ते लीलाधरने देवपूरला येऊन तिच्या तोंडावर सांगावं, मगच माहेरी जा. मी आलो नाही. तीन आखाज्या गेल्या. दर वेळी लोकांना सांगितलं, पाहुणे फार अडून बसलेत.

अडून बसलो होतो मी. लाज वाटते अक्का. सुंदरबाई खऱ्या होत्या.

आईला काल सांगितलं. सगळं, ट्रान्सपोर्टवाल्यासकट. ती रडली नाही. संध्याकाळी मी घास भरवायला गेलो तर तोंड मिटून घेतलं. सुनेच्या हातून जेवली. आज सकाळीही तसंच. मग मी विचारलं, आई, मी काय करू? बराच वेळ जिभेशी झगडली आणि म्हणाली, "सुंदरबाईले सांग." तुला सांग असं नाही म्हणाली. आधी त्यांना.

म्हणून हे पत्र. आता गल्लीत फोन आलाय, पण फोनवर मला खोटं बोलता येतं. हे पत्र आधी सुंदरबाईंना वाचून दाखव. पाहुण्यांसमोर, मोठ्याने, मधलं काही न गाळता. येत्या बुधवारी सकाळच्या गाडीने मी देवपूरला येतो. जे इथे लिहिलंय तेच त्यांच्यासमोर उभा राहून बोलेन. त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं तर बाहेरूनच बोलेन. तुझी पिशवी भरलेली असली तर मुराळी म्हणून तुला माहेरी घेऊन निघेन. नसली तर एकटा परत येईन आणि आईला तसं सांगेन, खरं खरं.

डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. तू ये म्हणून हे लिहीत नाही, पण लपवूनही ठेवत नाही. लपवणं पुष्कळ झालं.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत. समोर आई बसलीय, हात कळीवर. टीव्हीवर तू जीपमध्ये चढतेयस. मी म्हटलं, आई, पुढे जाऊ दे ना आता. तिने मान हलवून नाही म्हटलं.

पाहुण्यांना सांग, फोन कोणी उचलला ते विचारत होते ना? कोणीच नाही. तो झालाच नव्हता.

आबांनी नेमलेला आणि आबांमागे एकदाही न आलेला तुझा मुराळी,
लीलाधर