धोंडुबाईच्या नावाचं वळण

तासगाव,
दि. १८ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियदर्शनी हिस,
तात्याचे अनेक आशीर्वाद.

गुडघा सोडला तर मी बरा आहे. तुझी काकू बरी आहे, तुला डब्यातून चकल्या पाठवायच्या राहिल्या म्हणून रोज एकदा माझ्यावर चिडते. यंदा पाऊस दिवाळीपर्यंत हटला नाही. छाटण्या लांबल्या आणि निम्म्या तालुक्याच्या द्राक्षबागांत डाउनी रोग शिरला. बागायतदार गप्प, म्हणून आपलं छपाईचं दुकानही गप्प. तुला सावकाश लिहायला त्यामुळंच सवड मिळाली.

तू म्हणालीस, तात्या, फोनवरच दोन ओळी टाका. दोन ओळींत मावलं असतं तर तुझ्या कॉलेजानं त्याला चार वर्षं लावली नसती. ‘कामानुसार अक्षरांची निवड’ असा तुझा शेवटच्या वर्षाचा विषय आहे आणि त्यासाठी दिवाळीत तू माझ्या दुकानातनं चाळीस नमुने नेलेस. त्याचा मला अभिमान वाटला, हे इथं एकदा लिहून टाकतो. मी दहावी नापास माणूस. कराडच्या स्टँडावर गाडी चुकली की वाईट वाटायचं नाही, तेवढ्या वेळात पाट्या बघून व्हायच्या. माझं कॉलेज तेच.

तुझा पहिला प्रश्न, कुठल्या कामाला कुठला टाइप हे कसं ठरवता. मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, हे कोण वाचणार आणि किती लांबून. बेदाण्याचं खोकं सौद्यात थप्पीला लागतं. व्यापारी उभ्या उभ्या पुढं सरकत असतो आणि खोक्याचा कागद असतो खरबरीत, शाई पिणारा. तिथं बारीक रेघ ठेवलीस की मेलीस. ‘ब’च्या पोटातली रेघ पुसट आली की बेदाण्याचा वेदाणा होतो. म्हणून सारख्या जाडीचा, पोट मोकळं असलेला टाइप. लग्नपत्रिकेला लेखणीच्या वळणाचा जाड-बारीक चालतो, पण मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता साधा ठेवायचा, कारण तो चष्मा विसरलेली माणसं वाचतात. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला तिरकं अक्षर कधीही घेऊ नये. तिरकं अक्षर घाईत असल्यासारखं दिसतं.

गिऱ्हाईक ऐकतंच असं नाही. शिराळ्याच्या एका मंडळाला नागपंचमीच्या फ्लेक्सवर प्रत्येक वेलांटीचा नाग करून पाहिजे होता. मी म्हटलं, पहिल्या वेलांटीचा नाग आणि दुसरीचा पण नाग, मग ऱ्हस्व कुठलं नि दीर्घ कुठलं? त्यांचा अध्यक्ष म्हणाला, “दीर्घाचा फडा मोठा काढा की.” काढला. चांगला दिसला, मान्य करायला पाहिजे.

दुसरा एक फौजेतनं निवृत्त झालेला हवालदार. घराच्या पाटीला त्याला पत्र्याच्या साच्यातनं मारलेली तुटकी अक्षरं पाहिजे होती, काळ्या ट्रंकेवर असतात तशी. मी त्याला अर्धा तास समजावलं, घराची पाटी आहे, सामान नाही. तो म्हणाला, “पेंटर, बावीस वर्सं मी माझं नाव त्याच अक्षरात वाचलंय. दुसऱ्या अक्षरात ते माझं वाटत न्हाई.” मी ते काम केलं नाही. दुसरीकडं जा म्हणून सांगितलं. तो गेला, आणि त्याचं म्हणणं मात्र माझ्याजवळ राहिलं.

तुझा दुसरा प्रश्न ‘ल’ आणि ‘श’ यांचा. ते सोपं आहे. नवा फॉन्ट हातात आला की पहिल्यांदा हीच दोन अक्षरं उमटवून बघायची. हिंदी वळणाची आली तर तो फॉन्ट तासगावात वापरायचा नाही. आपल्या म्हाताऱ्या माणसांना ती अक्षरं परकी वाटतात, कशामुळं ते त्यांना सांगता येत नाही.

तिसऱ्या प्रश्नापाशी येऊन मी दोन दिवस थांबलो. तू लिहिलंस, “तात्या, चाळीस नमुन्यांत एकसुद्धा गोल वळणाचं अक्षर नाही. बाळाच्या बारशाच्या कार्डावरपण तुम्ही कोपरे असलेलं अक्षर घेतलंय. मुद्दाम का?” मी लिहिलं, गोल वळण माझ्या हाताला बसत नाही. मग तो कागद फाडला. चाळीस कामांत काय नाही हे शोधायला डोळा लागतो पोरी, आणि तसल्या डोळ्याला हे उत्तर देऊन भागणार नाही.

आणि चौथा प्रश्न नव्हताच. तू नुसतं कळवलंस की धोंडुबाई शीतगृहाच्या राजवर्धननं त्यांच्या खोक्यांचं आणि भिंतीचं सगळं नवं काम तुला देऊ केलंय, आणि येत्या सोमवारी तू त्याला नकार देणार आहेस. “ज्या माणसानं बाबांचं अक्षर नाकारलं आणि त्यापायी बाबा गेले, त्याच्या घरचं काम मी करणार नाही.” ते वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

हे पत्र मी कॉम्प्युटरवर करायला बसलो होतो. सवयीनं आधी टाइप निवडायला लागलो. खोक्याचा लावून बघितला, पत्रिकेचा लावून बघितला. प्रत्येकात मीच गिऱ्हाइकाशी बोलतोय असं वाटायला लागलं. मशीन बंद केलं आणि पेन घेतलं. माझं हस्ताक्षर तुला लागत नसेल तर सावकाश वाच, पण सगळं वाच.

२०११ चा फेब्रुवारी. तू आठ वर्षांची होतीस. मणेराजुरी रस्त्याला राजवर्धनच्या वडलांनी, नानासोंनी, शीतगृह बांधलं आणि आपल्या आईचं, धोंडुबाईचं नाव त्याला दिलं. भिंत दक्षिणेकडं तोंड केलेली, पंचवीस फूट उंच, बांबूच्या परांचीवर चढून काम. दुकान माझं, पण भिंतींचं काम तुझ्या बाबांकडं. जयराजचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी आजपर्यंत कुणापुढं बोललो नव्हतो. मी मापं घ्यायचो, दोरी मारायचो, पट्टीनं मोजायचो. तो दोरी मारायचा आणि मग तिच्याकडं बघायचाच नाही, आणि ओळ सरळ यायची.

त्यानं तीन दिवसांत ते नाव काढलं. निळ्या ऑइल पेंटात, तीन फूट उंच, सगळं गोल वळणात. ‘धों’चा पदर, ‘डु’चा उकार, ‘शी’ची वेलांटी, कुठं टोक म्हणून नाही. नानासो बघायला आले. टोपी काढून हातात घेतली आणि बराच वेळ उभे राहिले. “झ्याक झालं,” एवढंच म्हणाले, आणि गेले.

मी संध्याकाळी बघितलं. मला पटलं नाही. मी जयराजला म्हटलं की ही इमारत आहे, यंत्रं आहेत, हजारो टन माल आत राहणार आहे. इथं खांदे असलेलं, जाड, सरळ अक्षर पाहिजे. हे बारशाला काढ.

तो म्हणाला, “आण्णा, आईचं नाव हाय ते. टोचाय नको.”

मी म्हटलं, लोक शीतगृह वाचतात, आई वाचत नाहीत.

“मालकास्नी आवडलंय की.”

“आवडणं येगळं आनि शोभणं येगळं. मालकाला काय कळतंय? उद्या पुसून काढ.”

तो हसला. भांडायचा नाही तो, तुला आठवत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः पांढऱ्या रंगाचा डबा त्याच्या हातात दिला, आणि तो झालेलं, मालकाला पसंत पडलेलं काम झाकायला परत वर चढला. ‘धों’ झाकून झाला, ‘डु’ अर्धा झाला. डबा सरकवताना बांबूवर रंग सांडला होता, त्याच्यावर पाय पडला. मी खाली उभा होतो, नव्या अक्षरांची मापं वहीत मांडत. मी वर बघतच नव्हतो.

तुझी आई सांगलीला दवाखान्यात आली तेव्हा सगळं संपलं होतं. तिनं मला एकच विचारलं, “काम तर झालं हुतं नव्हं आण्णा? मग परत कशापायी चढलं?” मी म्हटलं, “मालकानं बदलून मागितलं.”

तीन शब्द. मी जुळवलेपण नव्हते, आपोआप आले. त्या दिवसापासून आपल्या घरात तेच खरं आहे. तू त्याच्यावर मोठी झालीस.

तेराव्याला नानासो आले. तुझी आई, विजयमाला, दारात उभी राहिली आणि सगळ्या भावकीसमोर त्यांना म्हणाली, “ह्यांचं अक्षर तुमाला चाललं न्हाई, तवा तुमचं पाय बी माझ्या उंबऱ्याला चालत न्हाईत.” त्यांना काही समजेना. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना समजलं. मी तोंड फिरवून पाण्याच्या बॅरलकडं बघत राहिलो. ते तसेच उंबऱ्यावरनं परत गेले. पुढं तुझी आई तुला घेऊन लोणंदला मामाकडं गेली, आणि मी सुटलो असं मला वाटलं.

याच्यापुढचं सगळ्यात वाईट आहे. महिन्याभरानं मी त्या भिंतीवर चढलो. कुणी सांगितलं नव्हतं. उरलेला ‘डु’, ‘बाई’ आणि ‘शीतगृह’ मी माझ्या हातानं झाकलं आणि त्याच्यावर माझी जाड, सरळ अक्षरं काढली. जे बोललो होतो ते भिंतीवर खरं दिसावं म्हणून. नानासोंनी अडवलं नाही. खाली खुर्ची टाकून बसले होते. एकदा नुसते म्हणाले, “पेंटर, संबाळून.”

पुढची बारा वर्षं शीतगृहाची सगळी छपाई ते माझ्याकडंच देत राहिले. दुकानात यायचे, चहा घ्यायचे, भिंतीवरचे नमुने बघायचे. कधीतरी बोलतील म्हणून मी प्रत्येक वेळी अंग चोरून बसायचो. दोन वर्षांपूर्वी ते वारले तरी बोलले नाहीत. राजवर्धनला यातलं काही माहीत नाही. बाप दोषी आहे हे ओझं तो भोळेपणानं वाहतोय, आणि तुला काम देऊन ते थोडं हलकं करायला बघतोय.

तू म्हणशील, आत्ताच का. तू नकार देणार म्हणून, हे एक. दुसरं सांगितलं तर हसशील. मी तेव्हा घाईत होतो, म्हणून ऑइलवर पाण्याचा रंग मारला. असं करू नये हे शिकाऊ पेंटरलाही माहीत असतं. चौथ्या वर्षापासून भिंत बोलायला लागली. दुपारी साडेचारला ऊन भिंतीला घासून येतं, तेव्हा जयराजच्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. माझ्या ‘बाई’च्या खालून त्याची ‘बाई’. माझ्या सरळ दांड्याआडून त्याचा गोल खांदा. मी त्या वेळी त्या रस्त्यानं जायचं सोडलं. त्यानं काही झालं नाही. आता दुकानात बसून कुणाचंही नाव गोल टाइपात टाकलं की पडद्यावर ते जयराजच्या हातचं दिसतं, आणि मागून आवाज येतो, टोचाय नको. मी तो टाइप पुसतो. गिऱ्हाइकाला सांगतो, हे शोभत नाही. चौदा वर्षं मी लोकांना हेच सांगतोय आणि लोक म्हणतात, कृष्णात पेंटरची नजर म्हणजे नजर.

निवड त्याची बरोबर होती, प्रियदर्शनी. त्यानं इमारत बघितली नाही, नाव बघितलं. तुझ्या प्रबंधात हे लिहायचं असेल तर लिही, माझं नाव घालून लिही.

आता कामाचं सांगतो. नकार देऊ नकोस. राजवर्धनला हे पत्र दाखव. भिंतीचं काम घेतलंस तर माझी अक्षरं निघतात. तागाची पोती ओली करून दोन दिवस भिंतीला लावून ठेवायची, मग लाकडी पट्टीनं वरचा थर खालून वर खरवडायचा. लोखंडी पट्टी लावायची नाही, खालच्या निळ्याला ओरखडे पडतील. माणसांना पट्टे बांधून लोखंडी परांचीवर चढव, बांबूवर कुणाला चढू देऊ नको. ‘बाई शीतगृह’ जसंच्या तसं खाली सापडेल. ‘धों’ आणि अर्ध्या ‘डु’चं मात्र मला सांगता येत नाही. त्याच्यावरचा पांढऱ्या रंगाचा हात जयराजचा आहे, त्याचा शेवटचा. तो काढायचा की ठेवायचा हे ठरवणारा मी कोण?

या पत्राची दुसरी प्रत मी हातानंच लिहून आजच्याच टपालानं लोणंदला तुझ्या आईच्या नावावर टाकली आहे. त्यामुळं तिच्यापासून काही लपवायची काळजी तुझ्यावर नको. ती वाचेल तेव्हा जमलं तर तिच्याजवळ अस. तिनं माझ्याकडं यायचं ठरवलं तर मी दुकानात आहे, आणि यायचं नाही असं ठरवलं तरी मी दुकानातच आहे.

तुझी काकू हे आज सकाळी वाचून बसली आहे. आज चकल्यांवरनं चिडली नाही.

तुझ्या बाबांना वर चढवणारा,
कृष्णात कोंडीबा