लवू गोताड यांच्या नावे खून न लिहिण्याबाबत

प्रति,
मा. तपास अधिकारी,
जुन्या गुन्ह्यांचा फेरतपास कक्ष,
रत्नागिरी.

अर्जदार : बाबू लवू गोताड, वय ५३, धंदा शेती, रा. पाटथर, ता. जि. रत्नागिरी.

विषय : सन १९८१ च्या दोन खुनांची फाईल अर्जदाराच्या मयत वडिलांना गुन्हेगार ठरवून बंद न करण्याबाबत.

संदर्भ : जुनी दोरी तपासण्याविषयी अर्जदाराचा पूर्वीचा अर्ज व आपणांशी समक्ष झालेले बोलणे.

महोदय,

१. अर्जदार नऊ वर्षांचा असताना गावातील दोन इसम आंब्याच्या बागेत, राखणीच्या खोपीत, एकामागोमाग मृत सापडले. दोघांच्या गळ्याला सुंभाची दोरी व छातीवर शेंडीचा नारळ होता. वडील लवू हे सुंभ वळत असल्याने त्यांना अटक झाली. पुराव्याअभावी कोर्टाने सोडले, गावाने सोडले नाही. भजनाला ते बसले की शेजारचे उठत. मरेपर्यंत 'मी केलं नाही' असे ते घरातही म्हणाले नाहीत. याचा अर्जदारास राग येई.

२. गेल्या दिवाळीनंतर मिरजोळे येथे एका रखवालदाराचा खून झाला. तशीच दोरी, तसाच नारळ. साहजिकच पोलीस अर्जदाराच्या दारात आले व अर्जदाराने लाळेचा नमुना दिला. पुढे निघाले असे की, मयताच्या रितेश नावाच्या सहकाऱ्याने जुनी हकीकत मोबाईलवर वाचून, संशय आमच्या घरावर जावा म्हणून सगळे तसेच मांडले होते. कॅमेरे व मोबाईलवरून आपण त्यास लगेच पकडलेत. तेव्हा आपण म्हणालात, "आजचा काळ असता तर तुमच्या वडिलांचा निकाल आठवड्यात लागला असता. दुसऱ्या खुनातली दोरी अजून ठेवलेली आहे." त्यावर विसंबून अर्जदाराने ती तपासण्याचा हट्ट धरला. वडील निर्दोष ठरले की वाडीत पेढे वाटायचे, असेही ठरवले.

३. अहवालात दोरीच्या पिळातून बाईचा लांब केस निघाला व तो अर्जदाराच्या आईकडच्या रक्ताशी जुळला. आपले म्हणणे पडले की, वळताना बायकोचा केस अडकला असेल, म्हणजे दोरी याच घरातली. सबब वडिलांचे नाव लिहून फाईल बंद होईल. चाळीस वर्षांत जे कोणास शाबीत करता आले नाही, ते अर्जदाराच्याच अर्जाने झाले.

४. हे घरी सांगितले तेव्हा आई सोनूबाई, वय ७९, पडवीत कुळीथ पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "त्याच्या नावावर घालू नुको. त्यानं काय केलान नाय. मी केलंय." तिची धाकटी बहीण चिमा लग्न ठरलेले असताना विहिरीत सापडली होती. पाय घसरला, असे गावाने ठरवले. आई म्हणाली, "त्या दोघांनी लोटलानी. मी बघितलंय. माझा कोण ऐकणार व्हता? दोघंव दारू पिऊन खोपीत निजायचे." नारळाचे विचारले, तर म्हणाली, "चिमाची ओटी भरायची ऱ्हायली व्हती." वडिलांना सर्व माहीत होते. आईला नेले तर मुलाचे कसे, म्हणून ते गप्प राहिले.

५. अर्जदाराची विनंती अशी की, फाईल पूर्वीसारखी, कोणाचेही नाव न लिहिता, पडून राहू द्यावी. तसा नियम नाही, हे ठाऊक आहे. पण नियमाने एक तर बापास खुनी म्हणायचे, नाहीतर आईस आपल्या स्वाधीन करायचे. या अर्जाच्या पहिल्या मसुद्यात आईचे नाव नव्हते. तिने तो अर्जदाराकडून वाचून घेतला आणि म्हणाली, "माझा नाव घाल. नायतर मी चालत जाईन." गुडघ्यांमुळे तिला अंगणही उतरवत नाही, पण ती निघेल.

६. आईची विनंती वेगळी आहे. तिचा जबाब घरी येऊन घ्यावा, चिमाच्या मृत्यूची राहिलेली चौकशी करावी आणि लवू गोताड निर्दोष असल्याचे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे. दोन्ही विनंत्या एका अर्जात बसत नाहीत. त्यातली कोणती मान्य करावी, हे अर्जदारास सांगवत नाही. आपण याल तेव्हा अर्जदार दारात उभा असेल. त्यास बाजूला करावे लागेल.

आपल्या निर्णयाच्या अधीन,

(सही) बाबू लवू गोताड
(डाव्या हाताचा अंगठा) सोनूबाई लवू गोताड

पाटथर, दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. वडिलांच्या सुटकेच्या निकालाची प्रत.
२. चिमाचा फोटो. दुसरा नाही. पाहून झाल्यावर आईस परत मिळावा.